आमच्या चुलीवरचं दूध

आमच्या घरी दूध होतं, पण दुधाचा चहा नव्हता. नातीला हे सांगितलं की ती हसते. तिला वाटतं आजी कोडं घालते आहे. कोडं काही नव्हतं. सौंसरला आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला, छोट्या लाइनच्या रुळांजवळ, आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे कुडाचा कोठा होता. कोठ्यात मायच्या बकऱ्या असायच्या. बा जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे आणि माय त्याला आधी अंगणातच झटकायला लावायची. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. सकाळी छोटी गाडी शिट्टी देत मोहगावच्या अंगाने निघून गेली की बकऱ्या ओरडायला लागायच्या, जणू गाडीने त्यांनाच हाक मारली. माय मग गडवा घेऊन कोठ्यात शिरायची. ते दूध चौकातल्या चहावाल्याकडे जायचं. आम्ही ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी किंवा तुरीचं वरण खायचो आणि गुळाचा कोरा चहा प्यायचो. त्यात कुणाला काही कमी वाटत नव्हतं. दूध हे विकायचं असतं, जसा कापूस विकायचा असतो. कापूस वेचणारी बाई कुठे कापसाच्या गादीवर झोपते?

चहावाल्याच्या आधी मात्र एक घर होतं, आणि तिथल्या दुधाचे माय पैसे घेत नसे. ते घर ढोबळे सरांचं. सर शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे. मी आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे. हे वाक्य मी या पुस्तकात आधीही लिहिलं आहे आणि या प्रकरणातही ते तितकंच खरं आहे, म्हणून पुन्हा लिहिते. अकरावी झाल्यावर बा मला जिनातच कामाला लावणार होता. सरांनी त्याला शाळेच्या वऱ्हांड्यात बोलावून घेतलं आणि म्हणाले, "गा, या पोरीले कापसात नको टाकू. कॉलेजात टाक." पांढुर्ण्याच्या कॉलेजात माझं नाव घालायला सर स्वतः आले. त्यांची मुलगी सिंधू माझ्याच वर्गातली. तिची पुस्तकं माझ्याकडे यायची, जीवशास्त्राच्या वहीतल्या आकृत्या आम्ही दोघी सरांच्या घरी बसून काढायचो. सिंधू आत झोपाळ्यावर, मी बाहेर ओट्यावर, मध्ये उंबरा. बेडकाची आकृती उंबऱ्यावरून इकडून तिकडे जायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ओट्यावर उजेड चांगला होता.

सरांच्या घरच्या काकू स्वभावाने प्रेमळ होत्या. त्यांनी मला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. पोळ्याला पुरणपोळी, संक्रांतीला तिळाचे लाडू, सिंधूच्या लग्नात तर मायला पातळ आणि टोपलंभर बुंदी. आम्हीही द्यायचो. पहिल्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, वेलावरची कोहळी, चण्याचा हिरवा डहाळा, आणि दूध. फार वर्षांनी, शिक्षिका झाल्यावर, भाजी निवडता निवडता एकदा माझ्या ध्यानात आलं की आमच्याकडून त्यांच्याकडे जे जायचं ते सगळं कच्चं असायचं, आणि त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं ते सगळं शिजलेलं. हातातली जुडी मी तशीच खाली ठेवली होती. इतकी साधी गोष्ट दिसायला मला इतकी वर्षं लागली होती, आणि जिने ती दाखवली होती ती सकाळ मी तोवर वेगळ्याच नावाने आठवत होते.

ती सकाळ मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते. सिंधूचं लग्न तिगावकडच्या संत्र्याच्या बगीचेवाल्यांत झालं होतं आणि तिला दिवस राहिले होते. अंगात रक्त कमी, चालली की धाप लागायची, म्हणून सातव्या महिन्याची वाट न पाहता काकूंनी तिला माहेरी आणलं होतं. कुणा जाणत्या बाईने काकूंना सांगितलं की पोटुशीला बकरीचं धारेचं दूध द्यावं, निरसं, आचळातून निघाल्या निघाल्या, कोमट असताना. तापवलं की त्यातलं सत्त्व जातं. आमच्याकडे तालमीतली पोरं असंच दूध प्यायची, आजाऱ्यांना असंच पाजायचे. पिशवीतलं दूध तेव्हा नागपूरला मिळायचं. सिंधूच्या नवऱ्याने एकदा ते कौतुकाने आणलं, तर काकू ती पिशवी बोटाने दाबून पाहत म्हणाल्या होत्या, "आधी तापवलं, मंग थंडं केलं, मंग पिशवीत कोंबलं. यात जीव काय राह्यला, बाप्पा?"

म्हणून रोज सकाळी माय बकरीच सरांच्या अंगणात न्यायची. काकू घासून लखलखीत केलेला पितळी गडवा बाहेर आणून ठेवायच्या. माय उकिडवी बसून धार काढायची. आधी रिकाम्या पितळेवर टणटण वाजायचं, मग फेस वाढला की आवाज मऊ होत जायचा, आणि तो पुरता मऊ झाला की सिंधू पुढे यायची. उभ्याउभ्याच प्यायची. वरच्या ओठावर फेसाची मिशी. मी सुट्टीत आल्यावर पहिल्याच दिवशी मायसोबत गेले तर ती मिशी तशीच ठेवून मला म्हणाली, "पाय वो रत्ने, ही बकरी म्हणजे माही दुसरी सासू झाली. सकाळी डोये उघडले का दारात हाजर!"

"सासू असं फुकटात दूध नाई पाजत," काकू आतून म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्या हसलो. मायही हसली. तिच्या कपाळाला बकरीची लव चिकटली होती. ती बकरी कोणती आहे ते तेव्हा मी पाहिलं. चांदी होती. पांढरी, एका कानावर काळा डाग. उन्हाळ्याची सुट्टी संपवून मी गेले तेव्हा ती गाभण नव्हती. परत येताना मी मायला विचारलं, "चांदी कधी व्याली वो?"

"व्याली कोठी?" माय अगदी सहज म्हणाली. "दिवस भरत आले होते अन् गाभ टाकला तिनं. मेलेलंच पिल्लू. दुसरीनंबी टाकला, पण तिले दूध नाई आलं. हिले मात्र पाय कसं फुटलं! प्यायले पिल्लू नाई, सारं सिंधूच्याच वाट्याचं." हे सांगताना तिच्या आवाजात आनंद होता. मेलेल्या पिल्लाच्या बदल्यात आपल्याला सरांचं थोडं ऋण फेडायला मिळालं, असा तो आनंद. मी रस्त्यातच थांबले.

सुट्टी लागायच्या थोडंच आधी आमच्या प्राध्यापकांनी दुधाचा धडा शिकवला होता. शिकवणं हिंदीतून. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाश्चुरीकरण'. दूध ठराविक उष्णतेपर्यंत तापवून, ठराविक वेळ तसंच ठेवून लगेच गार करायचं, म्हणजे त्याची चव आणि कस जवळजवळ तसाच राहतो आणि रोगाचे जंतू मरतात. आणि ज्याच्याकडे ते यंत्र नाही त्याने काय करावं? प्राध्यापक हसून म्हणाले होते, "जिसके घर में चूल्हा है, उसके घर में मशीन है. उबालो और पियो." मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले की ज्या कळपात गायी किंवा बकऱ्या गाभ टाकतात, त्या कळपाचं कच्चं दूध पिऊ नका. तिच्या अंगातला रोग दुधातून माणसात येतो. चढउताराचा ताप येतो, घाम फुटतो, सांधे धरतात, लोक त्याला मलेरिया समजतात. आणि बाई गरोदर असेल तर तिचंही मूल जाऊ शकतं. हे मी वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेला येईल म्हणून खाली रेघ मारली होती.

आता मी काय करावं? मायला सांगितलं तर ती म्हणाली, "आपले लोक जनमभर धारेचं दूध पिऊन राहिले. तुह्या मास्तराले सांग, शिंगं मोजत बस म्हणा." दुसऱ्या दिवशी मात्र तिला पहाटेच कापसाला जायचं निघालं. वावर दूर होतं, बायांना न्यायला गाडी येणार होती. मला म्हणाली, "आज तू ने बकरी." मला वाटलं, वाट सापडली. मी बकरी नेलीच नाही. कोठ्यातच धार काढली, चूल पेटवली, दूध गंजात, आमच्या पातेल्यात, चढवलं आणि तिथून हलले नाही. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे उकळी फुटली, मी ढवळत राहिले, पुन्हा उकळू दिलं. आमच्या चुलीला दूध उतू जाण्याचा वास माहीत नव्हता. थोडंसं उतू गेलं तेव्हा घरभर पसरलेला तो गोड-करपट वास मला श्रीमंतीचा वाटला. बा दारातून डोकावून म्हणाला, "काय वो, आज लगन हाये का घरात?" मी शाळेत बक्षीस मिळालेल्या स्टीलच्या डब्यात दूध ओतलं, झाकण लावलं, पदराने धरलं आणि निघाले. मला त्या वेळी फक्त जंतू दिसत होते. दुसरं काही, खरंच सांगते, माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तीन वर्षं कॉलेजात राहून मी ते विसरले होते.

अंगणात पितळी गडवा ठेवलेला होता. सर ओट्यावर खुर्चीत पेपर वाचत होते. सिंधू पायरीवर बसून केस विंचरत होती. काकू बाहेर आल्या आणि माझ्या मागे पाहू लागल्या.

"बकरी कोठी हाये वो?"

"घरीच ठेवली काकू. दूध तापवून आणलं."

"तापवून?"

"हो. उकळून. तसंच पिणं बरं नसते काकू, त्यात जंतू राहतात. आमच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं. सिंधूला या दिवसांत तर..."

"कोठी तापवलं?"

हा प्रश्न मला कळला नाही. मी म्हणाले, "चुलीवर."

काकूंनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या रागावल्या नाहीत. लहान मुलाने न कळत चूक केल्यावर आपण जसं बोलतो तशा, हळू आवाजात बोलल्या. "बाई, तू शिकली-सवरलेली. तुले म्या काय सांगावं? निरसं दूध असतं तर काही म्हणणं नव्हतं. आता तुमच्या चुलीवरचं दूध माह्या घरात... अन् तेबी पोटुशी पोरीले... उद्या तिच्या सासरी कोणाले मालूम पडलं त मले काय म्हणतीन?"

"माय, दे ना," सिंधू म्हणाली. "एका दिवसानं काय होते?"

"तू चूप बस."

"मग तुम्ही तापवा काकू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "उद्या बकरी आणते. तुमच्याच चुलीवर तापवा. पण तापवा."

"माह्या चुलीवर तापवाले माह्या घरी चहाचं दूध नाई का? धारेचं म्हणून त तुह्या मायले सांगतलं. तापवलं का त्यात काय राह्यते? पांढरं पानी."

मी सरांकडे पाहिलं. विज्ञान शिकवणारे सर. सूक्ष्मदर्शकाची काच रुमालाने पुसून पहिल्यांदा माझ्या डोळ्याला लावणारे सर. मला खात्री होती की ते आता पेपर खाली ठेवतील आणि म्हणतील, पोरगी बरोबर बोलून राहिली. सरांनी पेपरचं पान उलटलं. पान नीट बसेना, म्हणून त्यांनी ते एकदा झटकलं. आणि वाचू लागले.

"डबा ने बेटा," काकू म्हणाल्या. "नाईतर तिथं टोपल्यापाशी ठेव, ढोरायच्या ढेपीत टाकू."

मी डबा परत आणला. घरी मात्र नेला नाही. रुळांच्या कडेला एक चिंचेचं झाड होतं, तिथे बसले. दूध अजून कोमट होतं, वर साय धरली होती. फेकून द्यावं म्हणून झाकण काढलं आणि तोंडाला लावलं. सगळं प्याले. आमच्याच बकरीचं दूध मी असं पोटभर पहिल्यांदाच पीत होते. ते इतकं गोड लागलं की मला रडू आलं. अपमानाचं रडू होतं असं मी पुढे लोकांना सांगितलं आहे, भाषणातही सांगितलं आहे. पण खरं म्हणजे ते चांगलं लागलं याचीच मला लाज वाटत होती.

संध्याकाळी मायला कुणाकडून तरी कळलंच. कापसाने चिरलेल्या बोटांना ती तेल लावत होती. मला वाटलं ती काकूंवर चिडेल. ती माझ्यावर चिडली. "अवो, इतकी शिकली अन् येवढं समजत नाई तुले? निरसं दूध कोणाच्याबी घरचं चालते. इस्त्यावर चढलं का मंग ते आपलं होते." दिवा लावताना हळूच पुन्हा म्हणाली, "आपलं होते ते. कोण पिईन?"

दुसऱ्या दिवशी माय कापसाला गेली नाही. धुतलेलं लुगडं नेसून, चांदीची दोरी धरून निघाली, जणू माफी मागायला चालली आहे. मी मागोमाग गेले. तिने येऊ नको म्हटलं नाही. अंगणात काकू काहीच घडलं नसावं तशा बोलल्या, "ये वो रत्नाच्या माय," आणि गडवा पुढे सरकवला. धार टणटण वाजली, मऊ झाली. सिंधूने गडवा उचलला. त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता. काकूंना म्हणाली, "आंग दुखून राहिलं माय. कालबी सांजेले कणकण होती." आणि तिने गडवा तोंडाकडे नेला.

मी ओरडले. "पिऊ नको सिंधू! चांदीनं गाभ टाकला हाये. दोन्ही बकऱ्यायनं टाकला. रोग हाये तो. दुधातून येते."

कॉलेजची भाषा पळून गेली आणि घरची आली. गडवा सिंधूच्या हातात तसाच राहिला. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या मायकडे बघत होत्या.

"काहून वो? बकरीनं गाभ टाकला होता? अन् तिचं दूध माह्या पोटुशी पोरीले पाजून राहिली तू?"

माय अजून उकिडवीच होती. तिचा हात चांदीच्या पाठीवर होता. "मले काय मालूम बाई ते वंगाळ राह्यते," ती म्हणाली. "दूध आलं, म्हणून म्हटलं देऊ. तुमचे उपकार..."

"उपकाराचे असे पांग फेडते का कोणी?"

रोगाचं कुणाला पटलं नव्हतं. पण मेलेल्या गर्भाचा अपशकून सगळ्यांना पटला. मी जंतूबद्दल बोलत होते आणि त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाने ऐकलं ते वेगळंच. शेजारच्या दोन बाया भिंतीवरून पाहू लागल्या होत्या. माय उठली. तिने गडवा सिंधूच्या हातून घेतला नाही, कारण तो त्यांचा होता. पुढे गेलेला हात तिने मागे घेतला आणि काय करावं न कळून तो पदरालाच पुसला. मग सर पहिल्यांदा बोलले. "रत्ना," ते म्हणाले, "घरी जा. मायले घेऊन घरी जा."

वाटेत माय दोरी धरून पुढे चालत होती. चांदी मध्येच पाला खायला थांबली तर तीही थांबली. घराशी आल्यावर दोरी खुंटीला बांधता बांधता तिने मला एवढंच सांगितलं, "तू खरं बोलली. पण मले तिथं बसवून बोलली."

आदल्या दिवशी मायला समोर बसवून, तिला पटेपर्यंत हात धरून मी सांगायला हवं होतं का? तिला पटलं असतं तर तिनेच काकूंना बाजूला घेऊन सांगितलं असतं का? की तेवढ्या वेळात सिंधूने आणखी काही गडवे रिकामे केले असते? मी पुढे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी हा धडा यायचा. मुली विचारायच्या, बाई, उकळलं की झालं ना? मी म्हणायचे, झालं. उष्णतेने जंतू मरतात. मग फळ्याकडे वळून मी उगाच आधीच पुसलेला भाग पुन्हा पुसायचे.

सिंधूचा ताप गेला नाही. सकाळी उतरायचा, सांजेला चढायचा, अंथरूण घामाने भिजायचं, कंबर धरायची. आधी मलेरियाच्या गोळ्या झाल्या, जामसांवळीच्या हनुमानाला नारळ झाला. मग नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. तपासणीचं उत्तर आलं तेव्हा तिचं मूल राहिलं नव्हतं. सिंधू वाचली. कितीतरी आठवडे औषधं घेऊन बरी झाली. मूल दुधामुळेच गेलं का? रोग तोच होता, हे डॉक्टरांनी सांगितलं; पण आधीच तिच्या अंगात रक्त नव्हतं, दुसरीही कारणं असतील, नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाले. हे 'नक्की सांगता येत नाही' मी मायला कितीतरी वेळा समजावलं. तिला ते शेवटपर्यंत समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. तिच्या लेखी ते मूल तिच्या हाताने गेलं होतं, कारण धार तिच्या हाताची होती. बानं ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यांच्या सांगण्यावरून चांदी आणि दुसरी बकरी बाजारात न विकता मारून, चुना टाकून खोल पुरल्या. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. उरलेली एक बकरीही बानं ठेवली नाही. कोठा रिकामा झाला, आणि सकाळची गाडी शिट्टी देऊन गेली तरी मागे कुणी ओरडेना.

सर आले ते त्यानंतर. मी परीक्षेच्या फॉर्मचे पैसे न्यायला आले होते, म्हणून घरी होते. दुपारची वेळ. मोहल्ल्यातली पोरं आधी पळत आली, "ढोबळे सर येऊन राहिले, ढोबळे सर!" आमच्या दारात सर कधी आले नव्हते. बाला बोलवायचं तर शाळेत बोलवायचे. माय आत पळाली, मग बाहेर आली, खाटेवरची गोधडी उलटी करून टाकली, कारण सुलटी बाजू फाटकी होती. सर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सिंधूचं विचारलं तर म्हणाले, आता उठून बसते.

"नागपूरच्या डॉक्टरनं पहिला प्रश्न काय विचारला, मालूम हाये रत्ना?" ते म्हणाले. "पेशंट निरसं दूध पिते का. पहिलाच प्रश्न. म्या म्हटलं, हो. ते म्हणाले, तुम्ही काय करता? म्या म्हटलं..." सरांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "म्या म्हटलं, शेती."

आयुष्यभर विज्ञान शिकवणारा हा माणूस. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचीच लाज वाटली. आपल्या गुरूची दया यावी, एवढी मी कधी मोठी झाले होते?

माय दारात उभी राहून ऐकत होती. ती वळून चुलीपाशी गेली. तिने भांडं चढवलं. काटक्यांचा आवाज आला, मग गुळाचा वास. सरांनीही तो वास ओळखला असणार. मी मायला खूण केली, नको. तिने पाहिलं नाही किंवा पाहून सोडून दिलं. कपबशी घेऊन ती बाहेर आली. ती खाटेपासून थोडी दूर थांबली आणि म्हणाली, "दूध नाई घरात, मास्तर. कोराच हाये." आणि मग, विचारल्याशिवायच, "उकळून उकळून केला."

सरांनी हात पुढे केला आणि कप घेतला.

इथपर्यंत मी पाहिलं. यापुढचं मला माहीत नाही. कप त्यांच्या हातात गेला तशी मी तोंड फिरवलं. कोठ्याच्या रिकाम्या खुंटीकडे, जिथे चांदीची दोरी अजून लटकत होती, तिकडे पाहत उभी राहिले. मागे काही आवाज झाले. बशीचा एक, खाट करकरल्याचा एक. सर म्हणाले, "येतो मी," आणि गेले. मी वळले तेव्हा कप खाटेजवळ जमिनीवर होता आणि रिकामा होता. खाटेच्या पलीकडची सारवलेली जमीन ओली आहे का, हे मला दोन पावलं पुढे जाऊन पाहता आलं असतं. मायने कप उचलला. ती त्याच बाजूने गेली. तिने खाली पाहिलं की नाही, हेही मी पाहिलं नाही.

सर आता नाहीत, मायही नाही. सिंधूला पुढे दोन मुलं झाली. आम्ही भेटतो, तिच्या घरी मी झोपाळ्यावर बसते. माझ्या दारात रोज पिशवीचं दूध येतं आणि मी ते उकळते. नात म्हणते, आजी, पिशवीवर लिहिलंय, पाश्चराइज्ड आहे, कशाला उकळतेस? तिचं बरोबर आहे. मी तिला म्हणते, सवय आहे. दूध वर येतं, मी गॅस बारीक करते, खाली बसतं, पुन्हा मोठा करते. सर तो चहा प्याले की त्यांनी तो ओतला, हे त्या दुपारी मायला मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पुढे कित्येक वर्षं आम्ही दोघी त्याच चुलीपुढे बसून जेवलो, आणि मी विचारलं नाही, आणि तिनेही आपण होऊन काही सांगितलं नाही. फक्त एक झालं. ती कपबशी तिने पुन्हा कधी वापरात काढली नाही. घासून, पुसून, फळीवर उपडी ठेवली, आणि ती तिथेच राहिली.